सीतेच्या माहेरची चित्रशाळा

मधुबनीच्या ‘मिथिला आर्ट इन्स्टिट्यूट’ची स्थापना २००३ सालची. संस्थेचं वय जेमतेम वीस-बावीस वर्षांचं. एवढ्याशा वयात वाटचाल ती काय असणार, असं कुणालाही वाटेल. पण ही शाळा जे शिकवते ते शिकवायला शाळा लागावी, हेच मुळात नवल आहे. मिथिलेत ही चित्रं आई काढायची, मुलगी बाजूला बसून रंग कालवून द्यायची, आणि लग्न होऊन गेली की सासरच्या भिंतीवर तीच चित्रं तिच्या हातून उतरायची. फळा नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही. मग शाळा का निघाली? ते सांगायचं तर २००३ पासून सुरुवात करून भागत नाही. भिंती पडल्या तिथपर्यंत मागं जावं लागतं.

१५ जानेवारी १९३४. दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळची तराई भूकंपानं हादरली. घरंच्या घरं कोसळली. त्या वेळी विल्यम आर्चर नावाचा तरुण इंग्रज सनदी अधिकारी मधुबनी भागात नेमणुकीवर होता. पडझडीची पाहणी करत तो गावोगाव हिंडला. बाहेरच्या भिंती पडल्यामुळं आतल्या खोल्या उघड्या पडल्या होत्या आणि त्या खोल्यांच्या भिंतींवर लाल-काळ्या रेघांत कमळं, मासे, पोपट, देवदेवता दाटीवाटीनं बसलेले होते. एरवी परक्या पुरुषाची नजर जिथं पोचणं शक्य नव्हतं, तिथं ती भूकंपानं पोचवली. आर्चरला चित्रांची जाण होती. त्याला पॉल क्ले आठवला, मिरो आठवला, पिकासो आठवला. त्यानं पुढं फोटो काढले आणि १९४९ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘मार्ग’मध्ये मैथिल चित्रांवर लेख लिहिला. छापील जगाला या चित्रांची ओळख झाली ती तिथून. ज्या बायकांनी ती काढली होती त्यांना या लेखाचा पत्ताही नसणार.

आर्चरनं पाहिली ती खोली म्हणजे कोहबर-घर. नवरा-नवरीची खोली. लग्नानंतर चार रात्री जोडपं तिथं राहतं. त्या खोलीच्या भिंतीवर घरच्या जाणत्या बायका कोहबर ‘लिहितात’. मैथिलीत चित्र लिहितात, काढत नाहीत. आपल्या जुन्या मराठीतही चित्र लिहिलंच जायचं. मधोमध एक उभा दांडा, बांबूचा किंवा कमळाच्या देठाचा. त्याच्या भोवती गोलाकार कमळपानं, आणि दांडा मधल्या पानाला आरपार छेदून वर गेलेला. स्त्री आणि पुरुष, वेल आणि वंश यांबद्दल जे सांगायचं ते एवढ्यात सांगून झालं. मग मोकळ्या जागेत मासा, कासव, पोपटांची जोडी, नाग, सूर्य, चंद्र, नवग्रह. एका बाजूला शिव-पार्वती. खाली नवरी गौरीची पूजा करताना. आपल्याकडे नवरी गौरीहरापाशी बसते, तीच ही गौर. आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत चार नैना-जोगिन. त्यांचा चेहरा पदरानं अर्धा झाकलेला, एकच डोळा उघडा, आणि तो बघणाऱ्यावर रोखलेला. नव्या जोडप्याला दृष्ट लागू नये म्हणून नेमलेल्या पहारेकरणी म्हणा. सगळी चित्रं कुणाची तरी शोभा असतात, नैना-जोगिन मात्र कामावर असते.

हे चित्र टिकवण्यासाठी नसायचं. पावसाळा आला, भिंत ओलावली, पोपडे धरले, की शेण-मातीनं सारवून टाकायची. पुढचं लग्न निघालं की पुन्हा लिहायची. माझी आई चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची. गौरीचा झोपाळा, शंख, चक्र, कासव, गोपद्म, तुळस, सगळं ओळीनं. सकाळी काढलेलं संध्याकाळपर्यंत पायांखाली जायचं. त्याचं तिला काही वाटत नसे. उलट कुणी ‘अगं, जपून ठेव की’ म्हटलं असतं तर तिला ते वेडेपणाचं वाटलं असतं. कोहबरचं तसंच. अर्थात कागद मिथिलेला अगदी अनोळखी नव्हता. लग्नातलं कुंकू ज्या कागदात बांधून पाठवतात त्यावर कोहबर लिहिलेलं असायचं, आणि आकृती विसरू नये म्हणून काही घरांत कागदावर उतरवून ठेवलेलीही असे. पण कागदावरचं चित्र विकायचं असतं, हे कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

ते आणलं एका मराठी माणसानं. १९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. शेतीवर काम नाही, घरात दाणा नाही. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला धाडलं. काम सांगितलं ते साधं: भिंतीवर काढतात ते बायकांनी कागदावर काढावं, मंडळ ते विकून देईल, त्यांच्या हाती पैसे पडतील. कुलकर्णी हातकागदाच्या गुंडाळ्या घेऊन जितवारपूर, रांटी अशा गावांत गेले. परका पुरुष, परका मुलूख, आणि मागणी काय, तर बायकांनी घराच्या आतली चित्रं बाहेर द्यावीत. बायका बिचकल्या नसत्या तरच नवल. पण भूक मोठी होती. काहींनी कागद घेतला. भिंतीसमोर उभं राहून किंवा उकिडवं बसून काढायची सवय. आता कागद जमिनीवर पसरून त्यावर वाकायचं. भिंतीला कडा नव्हत्या, कागदाला चार बाजू होत्या. म्हणून चित्राभोवती पानाफुलांची किनार ठसठशीत झाली. आज ‘मधुबनी’ म्हटलं की जी किनार डोळ्यांसमोर येते, ती अशी कागदाच्या कडेनं पक्की झाली, असं मला वाटतं.

१९६७ मध्ये ती चित्रं दिल्लीत मांडली गेली आणि विकलीही गेली. कुलकर्णी पुढं ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांकडं गेले. तिथंही लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या, आणि त्यांच्यात बायकांचं हे काम आपलंसं केलेला एक पुरुष होता, जिव्या सोमा मशे. कुलकर्ण्यांनी त्यांच्याही हाती कागद दिला. २०११ च्या पद्मश्रींच्या यादीत जिव्या सोमा मशे आणि रांटीच्या महासुंदरी देवी ही दोन्ही नावं एकाच वर्षी आली. कुलकर्णी तेव्हा हयात नव्हते. महाराष्ट्रात आज वारली चित्राचा ग्लास, छत्री, चादर घरोघरी आहे. भास्कर कुलकर्णी हे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारून पाहावं.

आता चित्रांकडं जरा जवळून पाहू, कारण शाळेत पुढं जे शिकवलं गेलं त्याची बीजं इथं आहेत. रंग घरचे. काळा दिव्याच्या काजळीचा, पिवळा हळदीचा, निळा निळीचा, नारिंगी पळसाच्या फुलांचा, पांढरा तांदळाच्या पिठाचा. रेघ ओढायला बांबूची काडी टोकाशी ठेचून तिचे तंतू मोकळे करायचे. रंग भरायला काडीला कापसाचा किंवा चिंधीचा बोळा. कागद आल्यावर बोरूसारखी टाकाची निब आली आणि रेघ केसासारखी बारीक झाली. मैथिल चित्राची खूण म्हणजे दुहेरी रेघ. बाह्यरेषा एक नसते, शेजारीशेजारी दोन असतात, आणि त्या दोघींच्या मधल्या फटीत आडव्या बारीक रेघा. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात तीसएक रेघा सहज मावतात. चेहरा एका बाजूनं, पण डोळा समोरून दिसावा तसा पूर्ण, मासोळीसारखा. नाक टोकदार. आणि रिकामी जागा कुठं राहिली तर तिथं फूल, पान, पाखरू, नुसता ठिपका तरी येणारच. रिकामं ठेवणं म्हणजे अशुभ, अशी भावना त्यामागं आहे.

विषय बहुतेक देवाधर्माचे. रासलीला, गोपींचं वस्त्रहरण, कालियामर्दन, दशावतार, काली, दुर्गा, अर्धनारीश्वर. पण या सगळ्यांत मिथिलेचं खास आपलं असं काही असेल तर ते रामायण. आपण रामायण अयोध्येच्या बाजूनं ऐकत आलो. मिथिलेच्या बायका ते माहेरच्या बाजूनं सांगतात. सीता त्यांची लेक, राम जावई. त्यामुळं तिथल्या चित्रांत रावणवधापेक्षा धनुर्भंग, वरमाला, फेरे, डोलीत बसलेली सीता, बिदाई यांना मान जास्त. लग्नाच्या गाण्यांत रामाला, त्याच्या बापाला, भावांना शिव्या घालायची मुभा असते, कारण जावयाला चिडवायचा हक्क सासुरवाडीला असतोच. आणि ही थट्टा संपली की मागं एक सल उरतो. राम-सीतेचं लग्न मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला झालं, तो दिवस विवाहपंचमी म्हणून थाटात साजरा होतो. पण त्या तिथीला आपल्या मुलीचं लग्न लावायला मिथिलेतले लोक कचरतात. सीतेच्या वाट्याला पुढं काय आलं हे माहीत असलेलं घर आहे ते. चित्रात वरमाला घेऊन उभ्या असलेल्या सीतेकडं पाहताना हे ठाऊक असलं की चित्र निराळं दिसतं.

कागद आल्यावर आणखी एक गोष्ट उघड्यावर आली. भिंतीवर असताना कुणाच्या घरात कसं काढतात हे त्या त्या घराला माहीत होतं. विक्रीला चित्रं शेजारीशेजारी लागली तेव्हा जातीजातींचे हात वेगळे दिसू लागले. जितवारपूरच्या महापात्र ब्राह्मण बायका ठळक रेघेत भडक रंग भरायच्या, ती ‘भरनी’. सीता देवी त्यातल्या. त्यांचे कृष्ण आणि दुर्गा पाहावेत, नारिंगी-निळ्या रंगांनी कागद पेटल्यासारखा दिसतो. रांटीच्या कायस्थ बायकांची ती ‘कचनी’, एका-दोन रंगांत नुसत्या रेघांनी विणलेली. गंगा देवींनी ही कचनी कुठल्या कुठं नेली. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर आयुष्य उघड्यावर आलेली ही बाई रामायण लिहीत होती, मानवी जीवनाची मालिका लिहीत होती. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या भारत महोत्सवाला गेल्यावर तिथला रोलर कोस्टरही त्यांनी त्याच दुहेरी रेघेत लिहिला. आणि शेवटी कर्करोग झाल्यावर दवाखाना, डॉक्टर, सलाईन, सगळं लिहिलं. जगदंबा देवींना १९७५ मध्ये, सीता देवींना १९८१ मध्ये आणि गंगा देवींना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

या झाल्या वरच्या जातींच्या बायका. त्याच जितवारपुरात दुसाध या दलित जातीची वस्तीही होती. रामायण-महाभारतातल्या देवांची चित्रं काढणं हा आपला प्रांत नाही, असं त्या बायका धरून चालल्या होत्या; तसं धरून चालायला त्यांना शिकवलं गेलं होतं, असं म्हणणं अधिक बरोबर. सत्तरच्या दशकात एरिका मोझर नावाची जर्मन अभ्यासक तिथं आली. तिनं त्यांना त्यांचं स्वतःचं काढायला सांगितलं. त्यांचं स्वतःचं म्हणजे काय? अंगावरचं गोंदण. आणि राजा सलहेस, दुसाधांचा दैवत-वीर, हत्तीवर बसलेला, भोवती भाऊ आणि फुलं घेतलेल्या माळिणी. चानो देवींनी गोंदणाच्या ठिपक्या-रेघांच्या ओळी कागदावर मांडल्या, ती ‘गोदना’. जमुना देवींनी कागदाला आधी शेणाच्या पाण्याचा हात दिला, त्यामुळं कागदाला मातीच्या भिंतीचा रंग आला. तिथून अनेकींनी ही तऱ्हा उचलली, वरच्या जातींच्या चित्रकर्त्रींनीसुद्धा. शेण सगळ्यांच्या गोठ्यात होतंच, कागदाला लावायचं सुचलं ते दलित वस्तीत.

पुस्तकं मात्र ‘ब्राह्मण शैली’, ‘कायस्थ शैली’, ‘हरिजन शैली’ अशी लेबलं चिकटवून मोकळी झाली. बाजारालाही तेच सोयीचं. कुणी काय काढायचं ते जन्मावर ठरलं. बाजारानं चित्रांना किंमत दिली हे खरं, पण जातीची चौकटही किनारीसारखी ठळक करून ठेवली.

शाळा ज्यांच्यामुळं निघाली ते रेमंड ओवेन्स या सुमाराचे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात क्षेत्रअभ्यासासाठी मधुबनीत आले आणि चित्रकर्त्रींच्या नादी लागले. दलाल गावात येऊन गठ्ठ्यांनी चित्रं उचलत होते. जितकं भराभर, तितकं बरं. चांगलं काढणारीला आणि उरकणारीला एकच भाव. अशानं कुठलीही कला चार-पाच वर्षांत गाळात जाते. ओवेन्सनी वेगळा हिशोब मांडला. चित्रकर्तीनं सवडीनं काढावं, त्याला नीट दाम द्यायचा. अमेरिकेत ते विकून वर जे येईल ते पुन्हा तिच्याकडंच धाडायचं. यासाठी १९८० मध्ये त्यांनी मित्रांच्या मदतीनं ‘एथनिक आर्ट्स फाउंडेशन’ उभं केलं. पुढची वीस वर्षं ते येत-जात राहिले, चित्रकर्त्रींवर त्यांनी फिल्मही केली. २००० मध्ये ते वारले. त्यांच्या मागं राहिलेल्या पैशांचं काय करायचं, हा प्रश्न डेव्हिड झँटन आणि इतर सहकाऱ्यांपुढं आला. त्यातून २००३ मध्ये मधुबनीत शाळा निघाली.

शाळेनं सुरुवातीला घेतलेले दोन-तीन निर्णय मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला, फी नाही. दुसरा, प्रवेश चित्र काढून. शेकड्यांनी अर्ज येतात. सगळ्यांनी बसायचं, ठरलेल्या वेळात चित्र काढायचं, आणि त्यातून वर्षाला वीस-पंचवीस जण घ्यायचे. बहुतेक मुलीच. आडनाव विचारून भागणार नाही, हात दाखवावा लागेल. तिसरा, भरनी, कचनी आणि गोदना तिन्ही एकाच वर्गात, सगळ्यांना. मला विचाराल तर शाळेचं खरं काम इथं आहे. मिथिलेत चटई कुणाशेजारी घालायची हा साधा प्रश्न नाही. झा, दास, मंडल, पासवान अशा आडनावांच्या मुली शेजारी बसून एकमेकींच्या घरची रेघ गिरवू लागल्या, हे कुठल्याही ठरावानं किंवा भाषणानं घडलं नसतं.

शाळेचे पहिले संचालक संतोषकुमार दास. बडोद्याच्या कलाशाळेत शिकून आलेले मैथिल चित्रकार. २००३ पासून २००८ पर्यंत त्यांनी शाळा सांभाळली. त्याच सुमारास त्यांनी गुजरातच्या २००२ च्या दंगलींवर मैथिल शैलीत चित्रमालिका केली होती. मिथिलेच्या रेघेला अशा विषयाचा भार पेलेल का, याचं उत्तर त्यांनी आधी स्वतःच्या कागदावर शोधलं होतं. वर्गातही क्रम तोच राहिला: आधी रेघ, किनार, डोळा, जुने विषय, कोहबर, हात बसला की मग ‘आता तुला काय सांगायचंय?’

हा प्रश्न सोपा नाही. परंपरेतल्या मुलीला काय काढायचं हे कुणी विचारलेलं नसतं; लग्न असेल तर कोहबर, व्रत असेल तर जमिनीवरचं अरिपन, एवढं ठरलेलं. शाळेतून आलेली उत्तरं म्हणूनच बघण्यासारखी आहेत. राणी झा शिक्षिका म्हणून इथं आल्या. त्यांच्या चित्रात गर्भपाताचा दवाखाना आला. शालिनी कुमारी विद्यार्थिनी. तिच्या एका चित्रात धरणीमाता रडते आहे आणि वाढत्या तापमानातून वाचव म्हणून सूर्यदेवाला विनवते आहे. विषय वर्तमानपत्रातला, पण धरणी कोण? सीतेची आई. आणि सूर्य? ज्याला बिहार छठला अर्घ्य देतो तो. मिथिलेतली मुलगी तापमानवाढीचं चित्र याशिवाय वेगळं काढणार तरी कसं! २००९ मध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन सॅन फ्रान्सिस्कोत लागलं.

सगळीच नवी चित्रं अशी उतरली असं मात्र नाही. ‘मुलगी वाचवा’, ‘झाडं लावा’, ‘हात धुवा’ छापाची चित्रंही पुष्कळ निघाली आणि निघतात. त्यांत मैथिल किनार तेवढी असते, आत सरकारी पोस्टर. जुन्या कोहबरमध्ये कुणालाही उपदेश नव्हता. कमळाला छेदणारा दांडा काढून बायका गप्प बसायच्या. नव्या चित्राला बऱ्याचदा गप्प बसता येत नाही. हा दोष एकट्या शाळेचा नव्हे. चित्रं विकत घेणाऱ्यालाही आशयाची चिठ्ठी चिकटवलेली आवडते.

शाळेत शिकवणाऱ्यांपैकी एक नाव दुलारी देवी. रांटीच्या मल्लाह कुटुंबातल्या. मासे धरणाऱ्यांचं घर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लहानपणी लग्न, झालेली मुलगी गेली, आणि त्या माहेरी परत आल्या. पोटासाठी महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी यांच्या घरी झाडलोट, धुणीभांडी करू लागल्या. घरभर कागद पसरलेले, दोन नामांकित चित्रकर्त्या रेघा ओढताहेत, आणि ही बाई फडकं हातात घेऊन बघते आहे. स्वतःच्या घरी येऊन अंगणात काडीनं रेघोट्या मारायची. मालकिणींनी ते ओळखलं, कागद दिला, हात धरून शिकवलं. पुढं तारा बुक्सनं २०१० मध्ये त्यांच्या आयुष्यावरचं, त्यांच्याच चित्रांचं पुस्तक काढलं. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत तळी आहेत, जाळी आहेत, आणि मासे. कोहबरमधला मासा वंशवृद्धीचा, शुभाचा. दुलारी देवींच्या चित्रातला मासा बाजारातही जातो. या बाई मिथिला आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागल्या. ज्या जातींच्या घरांत त्या भांडी घासायच्या, त्या जातींच्या मुली वही उघडून त्यांच्यासमोर बसल्या.

दरम्यान बाहेर ‘मधुबनी’चा बाजार फोफावला. २००७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साड्या, दुपट्टे, उशांचे अभ्रे, चहाचे कप. मीही एका हस्तकला प्रदर्शनातून हौसेनं ‘हातानं काढलेला’ दुपट्टा आणला. घरी येऊन नीट पाहिलं तर दर बारा इंचांवर तोच मोर, त्याच्या शेपटीतली तीच रेघ चुकलेली. यंत्राच्या हातून चूकही तंतोतंत तशीच होते! सध्या तो देवघरातल्या ट्रंकेवर अंथरला आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरात मधुबनी रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर शंभराहून अधिक कलाकारांनी स्वेच्छेनं चित्रं काढली. सुमारे सात हजार चौरस फूट. चित्रं पुन्हा भिंतीवर गेली, पण घराच्या आतल्या नव्हे, फलाटावरच्या. देवादिकांसमोर थुंकायला लोक बिचकतात, हा फायदा वेगळाच. पुढं रेल्वेचे डबेही रंगले. जपानमधल्या तोकामाची गावात तर तोकिओ हासेगावा यांनी बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत १९८२ पासून मिथिला संग्रहालय चालवलं आहे. गंगा देवी, गोदावरी दत्त अशा कितीतरी जणी तिथं जाऊन, राहून चित्रं काढून आल्या. बर्फात गाडलेल्या त्या गावातल्या भिंतीवर कोहबर आहे.

दिल्लीत मात्र उलटं घडलं. गंगा देवींनी तिथल्या एका संग्रहालयात कोहबर-घराची अख्खी खोली लिहिली होती. त्या १९९१ मध्ये गेल्या. २०१५ च्या सुमारास नूतनीकरणाच्या कामात त्या भिंती गेल्या. कलाजगतात संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण मिथिलेत भिंत सारवली म्हणून कधी कुणी रडलं नव्हतं, कारण पुन्हा लिहिणारी घरात असायची. दिल्लीतली भिंत पुन्हा लिहायला गंगा देवी नव्हत्या.

१ फेब्रुवारी २०२५ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन संसदेत अर्थसंकल्प मांडायला आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर मासे चितारलेली मोतिया रंगाची साडी होती. मधुबनीच्या दौऱ्यात मिथिला आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या भेटीत दुलारी देवींनी ती दिली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. दिवसभर वाहिन्यांनी त्या साडीच्या गोष्टी सांगितल्या. दुलारी देवींचं नाव प्रत्येकानं घेतलं, शाळेचं काहींनी.

लग्नसराईत शाळेतल्या मुलींना गावाकडून बोलावणी येतात. काकी-मावशीच्या घरी लग्न असतं, आणि आता घरात कोहबर लिहिणारं दुसरं कुणी उरलेलं नसतं. कुणी मुलांपाठोपाठ दिल्लीला गेलेलं, कुणाचा हात कापतो. मग शाळेत निबनं गिरवलेलं कमळ सिमेंटच्या, चुना दिलेल्या भिंतीवर चढतं. ऑइलपेंटची भिंत असली तर रंग धरत नाही, आधी खरडून घ्यावी लागते. पहिला कुंकवाचा ठिपका घरातली म्हातारी देते. शेवटी कोपऱ्यातली नैना-जोगिन, अर्धा पदर, एक डोळा. तो डोळा काढून होईपर्यंत म्हातारी खोलीतून उठत नाही.